भाताच्या पायातलं पाणी

आमच्या कांजूरमार्गच्या बिल्डिंगच्या गच्चीवर भात होतो. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. निळे प्लास्टिकचे चार ड्रम उभे चिरून त्यांचे आठ केलेले आहेत. गळती थांबावी म्हणून सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातली, तिच्या दक्षिणेच्या कडेला ते ओळीने आडवे ठेवलेत. तिथे ऊन येतं. पाऊस मात्र तिरका आला तरच आत येतो, म्हणून पाणी हाताने घालावं लागतं. चांगल्या वर्षी किलोभर तांदूळ होतो. त्याची एकदा खीर होते आणि दोनदा पेज.

हा भात माझ्या बायकोचा, शुभाचा. माहेरची ती जानकी. पण माझं नाव दशरथ, आणि दशरथाची बायको जानकी म्हटल्यावर लग्नात भटजींनीच हात जोडले. म्हणाले, रामायणाची एवढी उलथापालथ मला झेपायची नाही. म्हणून तिची शुभा झाली. तिचं माहेर कुडाळकडचं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या भावाने शेतात काजू लावला, तेव्हा त्यांचा जुना तांबडा भात संपणार म्हणून तिने ओंजळभर बियाणं मुंबईला आणलं. ड्रम मी चिरून दिले. मरोळच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो, तेवढं मला येतं. शेतीतलं मला काही येत नाही.

दरवर्षी ती थोडं बियाणं राखेत घोळवून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मुंबईच्या दमट हवेत ते पुढच्या जूनपर्यंत टिकतं, पावसाळा काढत नाही. म्हणजे एक वर्ष पेरलं नाही की संपलं. दुसरीकडे कुठे ते उरलेलं नाही.

गेल्या चैत्रात ती गेली. हॉस्पिटलात नऊ दिवस होती. शेवटचं नीट बोलली ते माझ्याबद्दल नाही, दोह्यात असलेल्या आमच्या मुलीबद्दल, रुचिराबद्दल नाही, ड्रमांबद्दल बोलली.

"बियाणा पेरा हां. आणि भाताच्या पायातला पाणी सुकाक देऊ नकात. रोज घाला."

"घालतो."

"रोज?"

"रोज."

तिने माझ्याकडे बघितलं आणि थोडी हसली. का हसली ते मला तेव्हा कळलं नाही.

जूनमध्ये पेरलं, जुलैत लावणी केली. तिने कसं केलं ते बघून बघून डोक्यात होतं. आणि मग पाणी. सकाळी चहाच्या आधी, दुपारी जेवल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. गच्चीच्या नळाला सोसायटीचं कुलूप. मी चौथ्या मजल्यावर, गच्ची सातव्याच्या वर. लिफ्टमध्ये लिहिलंय, "लिफ्टमधून पाण्याच्या बादल्या नेऊ नयेत, हुकुमावरून." हुकूम सेक्रेटरी चंद्रप्रकाश साटमचा. म्हणून जिन्याने. गुडघे बोंबलत होते, पण मी एक खेप चुकवली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

श्रावण लागेपर्यंत भात पिवळा पडला. फुटवे नाहीत, काड्या बारीक, एखाद्या आजारी पोरासारख्या. मी पाणी वाढवलं.

त्याच आठवड्यात महापालिकेचा मच्छरवाला आला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. त्याने पहिल्या ड्रमात वाटी बुडवली आणि उजेडात धरली. वाटीत अळ्या वळवळत होत्या.

"काका, हे काय?"

"भात."

"भात दिसतोय मला. हे खाली काय आहे?"

"पाणी."

"पाणी नाही काका, हे मच्छरांचं पाळणाघर आहे. ओतून टाका सगळं."

"ओतता येणार नाही. बायकोने सांगितलंय."

"मग बायकोला बोलवा, मी सांगतो."

मागे चंद्रप्रकाश उभा होता, त्याने मच्छरवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो बिचारा वाटी पुसत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, पंधरा दिवसांनी परत येईन. तोपर्यंत करा काहीतरी. नाहीतर मला सोसायटीला नोटीस द्यावी लागेल."

तो गेल्यावर चंद्रप्रकाश म्हणाला, "दशरथभाऊ, वहिनींबद्दल मला आदर आहे. पण नोटीस सोसायटीला येणार. रविवारी मीटिंग घेतो. ड्रम काढायचे की ठेवायचे, लोकांना ठरवू दे."

लोक काय ठरवतील ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी त्यांनी एकमताने कबुतरांना बंदी घातली होती. ड्रम गेले असते तर त्या पिवळ्या काड्याही गेल्या असत्या, आणि डब्यात आता एक दाणा नव्हता. मी सगळं पेरून बसलो होतो.

शनिवारी सकाळी बादली घेऊन वर गेलो तर ड्रमापाशी तिसऱ्या मजल्यावरची संघमित्रा बसलेली. तिचे आईवडील भंडाऱ्याकडचे, ही शिकली मुंबईत आणि एका संस्थेत भातशेतीचं काम करते एवढं ऐकून होतो. तिने एका ड्रमावर काचेसारखी पारदर्शक पेटी पालथी घातली होती आणि पेटीच्या भोकातून सिरिंज लावून काहीतरी ओढत होती.

"ए पोरी, भाताला इंजेक्शन देतेस?"

"नाही हो काका, हवा घेतेय. मीटिंगच्या आधी मला बघायचंच होतं. तुमच्या भाताखालून मिथेन निघतोय ना, तो मोजणार."

"काय निघतंय?"

"गॅस. माती सतत पाण्याखाली राहिली की तिला हवा मिळत नाही. मग त्यातले जंतू मिथेन सोडतात. म्हशीच्या ढेकरातून निघतो तोच. त्याने पृथ्वी तापते."

"माझ्या आठ ड्रमांनी पृथ्वी तापते?"

"आठने नाही. पण जगात भात किती आहे, विचार करा. माणसामुळे जो मिथेन हवेत जातो, त्यातला आठ-दहा टक्के नुसत्या भातखाचरांतून जातो."

लहानपणी खाचरात पाय टाकला की बुडबुडे वर यायचे. आम्ही पोरं त्यावरून एकमेकांना चिडवायचो. ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "तोच तो." साठ वर्षांनी कळलं की दोष आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

मग तिने पिशवीतून भोकं पाडलेला पाइपचा तुकडा काढला. "हा मातीत रोवायचा. पाणी आटू द्यायचं. पाइपात चार इंच खाली गेलं की मगच परत भरायचं. मिथेन जवळजवळ निम्मा होतो. मुळांना हवा मिळते, फुटवे चांगले येतात. आणि मच्छरांच्या अळ्या मरतात. तुमचे ड्रम वाचतील, काका."

"माती सुकवायची?"

"हो. बारीक भेगा पडल्या तरी चालतात."

"जमणार नाही."

"का?"

"तिने सांगितलंय, पाणी सुकू द्यायचं नाही."

संघमित्राने कपाळावर हात मारला. "भंडाऱ्याला चौदा गावं फिरले मी हा पाइप घेऊन. सगळीकडे हेच. एकाला आईने सांगितलंय, एकाला आजोबांनी. म्हटलं निदान आपल्या बिल्डिंगमध्ये तरी कुणी ऐकेल. पृथ्वी तापली तरी चालेल, पण घरच्यांचा शब्द मोडायचा नाही."

"मग नाहीच मोडायचा," मी म्हटलं आणि बादली ओतली. अर्धं पाणी तिच्या चपलांवर गेलं.

घरी येऊन बसलो. आणि तेव्हा मला ते आठवलं, जे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

शुभाच्या माहेरच्या देवळात श्रावणात सप्ताह असतो. सात दिवस रात्रंदिवस भजन, एक क्षण टाळ थांबत नाही. ती दरवर्षी जायची. जाताना मला बजावायची, पाणी रोज घाला. मी हो म्हणायचो. आणि ती गेली की मी विसरायचो. मुद्दाम नाही. पहिल्या दिवशी म्हणायचो उद्या दोन बादल्या जास्त घालू, दुसऱ्या दिवशी गुडघा, तिसऱ्या दिवशी मॅच. मग तिचा फोन यायचा, "उद्या येतंय." की मी धावत गच्चीवर. माती फाटलेली असायची. आठही ड्रम भरायचो, खाली येऊन चार दिवसांची भांडी घासायचो. ती आली की विचारायची, "रोज घातलात?" मी म्हणायचो, "रोज." ती भाताला हात लावून म्हणायची, "म्हणान बरो झालो."

म्हणजे माती दरवर्षी सुकत होती. आणि भात दरवर्षी चांगला येत होता. याच वर्षी मी शब्द पाळला आणि याच वर्षी तो मरायला टेकला.

पण हे सांगायचं कुणाला? सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं की मी बायकोला अकरा वर्षं फसवलं. तेही ती नसताना. तिला उत्तर द्यायची सोय नसताना. शिवाय आणखी एक गोष्ट मनात होती. सुरुवातीला ती माहेरी पाचच दिवस राहायची. मग सात झाले, मग नऊ, शेवटी अकरा. सप्ताह सातच दिवसांचा असतो. मी कधी विचारलं नाही, पण समजून चुकलो होतो की तिला माझा कंटाळा येतो. तो विषय मला उघडायचा नव्हता.

रविवारी अकराला पार्किंगमध्ये मीटिंग भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं, आणि चंद्रप्रकाशच्या हातात माइक. माणसं दहा फुटांवर होती, पण माइक सोसायटीने घेतलाय तर वापरायला हवा.

"विषय पहिला. गच्चीवरील भातशेती आणि तिच्यापासून निघणारा गॅस."

संघमित्राने कुणाला तरी लिफ्टमध्ये मिथेनबद्दल सांगितलं होतं, तेवढ्यानेच वाट लागली.

"गॅस म्हणजे? पेटतो का?" दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले. "माझी मुलगी वर जाऊन योगा करते!"

"काका, त्याने काही पेटत नाही," संघमित्रा म्हणाली. "आपल्या शेजारी अख्खं कचऱ्याचं डंपिंग आहे, तिथूनही मिथेन निघतो. त्याच्यापुढे हा काहीच नाही."

"मग सोडून दे ना विषय," ते गृहस्थ म्हणाले.

"सोडू कसा? पाणी सुकवलं तर तेवढाही निघणार नाही, मच्छरही होणार नाहीत, असं मी सांगतेय. काका ऐकत नाहीत."

"भाताचं पाणी सुकवलं तर भात मरणार नाही का?" चंद्रप्रकाशने माइकवरून विचारलं. "मी देवगडचा आहे, मला शिकवू नकोस. भाताला पाणी लागतं. यात ड्रमही राहणार, मच्छरही राहणार. त्यापेक्षा काढून टाका. कोण कोण काढायच्या बाजूने?"

हात वर जायला लागले. मी मोजले नाहीत. मला फक्त तो रिकामा डबा दिसत होता.

मी उठलो. "मरत नाही," मी म्हटलं.

"काय मरत नाही?"

"भात. पाणी सुकलं तर मरत नाही. मी अकरा वर्षं सुकवलंय."

चंद्रप्रकाशने माइक माझ्यापुढे धरला. नको तिथे हा माणूस मदत करतो. मग मी माइकवरून, अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं, सगळं सांगितलं. गुडघा, मॅच, फाटलेली माती, भांडी, आणि "रोज" म्हणून तोंडावर बोललेलं खोटं. कुणाला तरी सोडायला आलेला एक रिक्षावालाही थांबून ऐकत होता.

बायका हसायला लागल्या. पुरुष खाली बघत होते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी कुंड्या आहेत.

मी म्हटलं, "हसा. पण ती बिचारी शेवटपर्यंत समजत राहिली की मी रोज पाणी घालतो."

तेव्हा मागून आवाज आला, "कोण समजत राहिली? शुभा?"

वनमालावहिनी. सातव्या मजल्यावरच्या, शुभाची मैत्रीण. त्या इतक्या हसत होत्या की त्यांना खुर्ची धरून उभं राहावं लागलं.

"भाऊजी, तिला पहिल्याच वर्षी कळलं. भेगेवर पाणी ओतलं की लगेच भेग मिटत नाही हो! तिने बघितलं, म्हटलं आता भात गेला. आणि त्याच वर्षी भात माहेरच्यापेक्षा चांगला आला. मग ती दरवर्षी तुमच्यावर सोडून जायला लागली."

"माझ्यावर?"

"तुमच्या विसरण्यावर. मी म्हटलं, अगं, सरळ सांग ना त्यांना, आठ दिवसांनी घाला म्हणून. तर म्हणते कशी, 'त्यांका रोज सांगलंय तर ते आठ दिवसांनी घालतत. आठ दिवसांनी सांगलंय तर महिन्यान घालतले.'"

आता पुरुषही हसायला लागले.

"आणि मला काम लावलं होतं. ती गेली की मी रोज गच्चीवर जाऊन बघायचं. भेगेत करंगळी गेली की तिला फोन करायचा. मग ती तुम्हाला फोन करायची, उद्या येतंय म्हणून. की तुम्ही बादल्या घेऊन धावताय! मी दाराच्या फटीतून बघायचे तुम्हाला. शेवटी शेवटी माती लवकर सुकत नव्हती, श्रावणात पाऊस तिरका यायला लागला. मग अकरा-अकरा दिवस भावाकडे बसून राहायची. मला फोन करून वैतागायची, 'गे, करंगळी गेली काय? हय भावजयीच्या हातचा खाऊन कंटाळलंय.'"

मी खाली बसलो. खुर्चीच होती मागे, नशीब.

कोणीतरी विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" मी मान हलवली. मला बरंच वाटत होतं. अकरा दिवस ती भावजयीच्या हातचं जेवून कंटाळत होती, माझ्यामुळे नाही.

ड्रम राहिले. ठराव झाला: कोजागिरीपर्यंत ठेवावेत, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. संघमित्राला तुलनेसाठी एक ड्रम सतत भरलेला हवा होता, त्यावर चंद्रप्रकाशने आक्षेप घेतला. तो प्रश्न मच्छरवाल्याने सोडवला. पंधरा दिवसांनी आला, सात ड्रमांतली सुकी माती बघून खूश झाला आणि आठव्यात पिशवीतून दहा-बारा गप्पी मासे सोडून गेला. हे मासे अळ्या खातात. पण अळ्या लवकरच संपल्या असाव्यात, कारण मग चंद्रप्रकाश रोज सकाळी बनियनवर गच्चीवर जाऊन त्यांना पावाचा चुरा घालायला लागला. "सोसायटीची मालमत्ता आहे," म्हणाला.

संघमित्राने मला मोबाइलसमोर बसवून सगळी हकिकत परत सांगायला लावली आणि तो व्हिडिओ भंडाऱ्याला नेला. परत आली ती नाचतच. "काका, झकास! बायका हसून हसून बेजार झाल्या. एक आजी म्हणाल्या, माझा म्हातारा पण असाच आहे, त्याच्याच शेतात लाव तो पाइप. नऊ पाइप लागले!" आळस दाखवून नाव कमावलेला आमच्या घराण्यात मी पहिलाच असेन.

आमच्या ड्रमांत मात्र मी पाइप लावू दिला नाही. वनमालावहिनी करंगळी घेऊन तयार होत्या.

पहिल्यांदा सुकवलं तेव्हा मला घरात बसवेना. दिवसातून चार वेळा बादलीकडे हात जायचा. पाचव्या दिवशी भेगा दिसायला लागल्या आणि भाताकडे बघवेना, म्हणून वर जायचंच सोडलं. टीव्ही लावला. मॅच होती. मॅचमध्ये जरा डुलकी लागली, आणि फोन वाजला.

"भाऊजी, करंगळी गेली."

मी धावलो. गच्चीपर्यंत खेपा घातल्या, ड्रम भरले, खाली आलो आणि ओट्यावरची चार दिवसांची भांडी घासून टाकली. शेवटचं पातेलं पालथं घालून हात पुसला आणि दाराकडे बघितलं. मग लक्षात आलं. पातेलं परत घासलं. त्याला खाली लागलेलं होतं थोडं.

भात सावरला. सात ड्रमांत फुटवे आले, माशांचा ड्रम तेवढा बारीकच राहिला. संघमित्राच्या मोजणीत त्याचाच गॅस सगळ्यात जास्त, जवळजवळ दुप्पट, पण चंद्रप्रकाशसमोर ते बोलायची सोय नाही. कोजागिरीला, आम्ही तिला नव्याची पुनव म्हणतो, मी आंब्याच्या पानात लोंबी घालून दाराला नवं बांधलं. एक वनमालावहिनींच्या दाराला, एक संघमित्राच्या. चंद्रप्रकाशने स्वतःच मागून नेलं.

खीर यंदा केली नाही. आधी बियाणं बाजूला काढलं, राखेत घोळवलं आणि डबा भरला. झाकण घट्ट लावून तो तिच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला, नेहमीच्या जागी. फोटोत ती थोडी हसते आहे. हॉस्पिटलात हसली होती तशीच.

"रोज घातलं," मी म्हटलं.